अलमूतच्या फिदाईंवर कादंबरी लिहायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आला आहे. बाराव्या शतकातल्या इराणमध्ये घडणारी कादंबरी लिहायला घेतली आहे. मारेकऱ्यांचा एक काल्पनिक गुप्त पंथ, डोंगरावरचा अभेद्य किल्ला, कधी न दिसणारा म्हातारा म्होरक्या, हशीश पाजून स्वर्गाची बाग दाखवलेले तरुण, आणि तो म्होरक्या म्हणजे उमर खय्यामचा बालमित्र. यातलं इतिहासाला धरून किती, काय ठेवायचं, काय काढायचं, आणि पंथाची घडण वाचकाला पटेल अशी कशी करायची?

मी अठ्ठावीस वर्षं फारसी आणि मध्ययुगीन इराणचा इतिहास शिकवला. जुवैनी आणि रशीदुद्दीन या इतिहासकारांचे अलमूत या इराणमधल्या डोंगरी किल्ल्यावरचे भाग वर्गात ओळ न् ओळ वाचून घेतले, आणि याच विषयावर लिहिणाऱ्या काही लेखकांच्या हस्तलिखितांवर खुणाही केल्या. त्या जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात पहिली खूण एकाच जागी पडली: हशीश. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हशीश काढून टाका. तुमचा पंथ काल्पनिक आहे, तेव्हा तुम्हाला कुणी अडवणार नाही हे खरं. पण ज्या खऱ्या लोकांवरून हा पंथ सुचतो, ते निजारी इस्माइली, म्हणजे शिया मुसलमानांचा एक पंथ, यांच्या बाबतीत ही गोष्ट मुळात एक शिवी आहे. ११२३ च्या सुमाराला कैरोच्या फातिमी खलिफाच्या बाजूने सीरियातल्या निजारींविरुद्ध एक पत्र निघालं, त्यात त्यांना ‘हशिशिय्या’ म्हटलं आहे. कोण काय पितं, कसं पितं याचा त्यात एक शब्द नाही. आपण एखाद्याला गंजेडी म्हणतो तेव्हा त्याने खरोखर चिलीम ओढलेली असतेच असं नाही. वाया गेलेला, नीच, लाज सोडलेला एवढंच म्हणायचं असतं. हा शब्द तसाच होता. सीरियात क्रुसेडर लोकांच्या कानावर तो पडला, त्यांच्या भाषांत तो ‘असॅसिन’ म्हणजे मारेकरी झाला, आणि मग शब्दाला साजेशी गोष्ट पुढे रचली गेली. इराणमधले इतिहासकार निजारींचे कडवे वैरी होते. त्यांना ते ‘मलाहिदा’ म्हणजे पाखंडी म्हणतात, हवे तेवढे शाप देतात, पण नशेचा आरोप करत नाहीत. हा आरोप खरा असता तर जुवैनीसारख्या माणसाने तो सोडला नसता.

बागेची गोष्ट जगभर पोचवली मार्को पोलोने. तो इराणमधून गेला १२७० नंतर. अलमूत मंगोलांच्या हाती पडला १२५६ मध्ये. म्हणजे त्याने पाहिलं काहीच नाही, ऐकलं ते सांगितलं, आणि तेही १२९८ मध्ये जिनोव्हाच्या कैदेत, सोबतच्या एका अद्भुतकथाकाराला. ‘पर्वतावरचा म्हातारा’ ही पदवीसुद्धा इराणची नाही. ती सीरियातल्या निजारींच्या प्रमुखाला, विशेषतः मस्याफ किल्ल्यातल्या रशीदुद्दीन सिनानला (हा वरचा इतिहासकार नव्हे) लावलेली. पोलोच्या वृत्तांतात ती उचलून अलमूतवर बसवली गेली. तुमची कादंबरी इराणमध्ये घडते, तेव्हा तुमच्या पात्रांच्या तोंडी ही पदवी येऊ देऊ नका.

एकदा अलमूतची जागा डोळ्यांसमोर आणली की बाग आपोआप गळून पडते. कझवीनच्या ईशान्येला, अल्बुर्झच्या रांगेत, गाझोरखान गावाच्या डोक्यावर तो खडक उभा आहे. उंची दोन हजार मीटरच्या वर. जुवैनी म्हणतो, मान जमिनीवर टेकून बसलेल्या उंटासारखा हा डोंगर दिसतो, आणि ही उपमा अचूक आहे. वर एक लांबट, अरुंद धार. हिवाळ्यात बर्फ, वारा, दगड. दुधा-मधाच्या पाटांना तिथे जागा कुठली? हिरवाई आहे ती खाली दरीत. वर आहेत ती कातळात खोदलेली टाकी आणि कोठारं. निजारींचा म्होरक्या हसन-ए-सब्बाह याने किल्ला घेतल्यावर तट मजबूत केला, धान्य साठवलं, खालच्या जमिनीसाठी पाट काढले, झाडं लावली. मधाचा उल्लेख हवाच असेल तर खरा घ्या. मंगोल सैनिक कोठारं धुंडाळत असताना एक जण खोली न कळता मधाच्या टाक्यात उतरला आणि बुडता बुडता राहिला, असं जुवैनी लिहितो. वर्षानुवर्षांच्या वेढ्याची तयारी म्हणजे काय, ते या एका प्रसंगातून वाचकाला कळेल.

आता त्या माणसाकडे येऊ. हसनचा जन्म १०५० च्या आसपास कुम शहरात, बालपण रय्यमध्ये, म्हणजे आजच्या तेहरानच्या कुशीत. घर बारा इमामांना मानणाऱ्या शियांचं. तरुणपणी तो इस्माइली झाला, १०७८ मध्ये कैरोला पोचला, १०८१ मध्ये इस्फहानला परतला आणि पुढची नऊ वर्षं इराणभर हिंडत राहिला. १०९० मध्ये अलमूत घेतला तो तलवारीने नाही. आधी आसपासची गावं वळवली, मग किल्ल्यातली माणसं, मग ‘दिहखुदा’ असं नाव घेऊन स्वतः आत जाऊन राहिला. किल्लेदार महदीला कळलं तेव्हा सगळा किल्ला दुसऱ्याचा झालेला होता. हसनने त्याला तीन हजार सोन्याच्या दिनारांची हुंडी लिहून दिली, ती वटवायची होती दूर दामगानच्या बाजूच्या रईस मुजफ्फरकडे. मुजफ्फर हा तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या सलजूकांचा अधिकारी, आणि गुपचूप हसनचा अनुयायी. हुंडी वटली. गुप्त संघटना कशी चालते याचा यापेक्षा चांगला प्रसंग तुम्हाला रचता येणार नाही, मलाही नाही.

त्यानंतर ११२४ मध्ये मरेपर्यंत, चौतीस वर्षं, हसन किल्ल्याखाली उतरला नाही. घरातून तो दोनदाच बाहेर आला आणि तेही छतावर गेला, असं लिहून ठेवलेलं आहे. बाकी वेळ वाचन, लेखन, कारभार. किल्ल्यात एकाने बासरी वाजवली तर त्याला हाकलून दिलं, परत घेतलं नाही. स्वतःच्या एका मुलाला दारू प्यायल्याच्या आरोपावरून ठार करवलं. दुसऱ्याला एका धर्मप्रचारकाच्या खुनात हात असल्याच्या आरोपावरून, आणि तो आरोप मागाहून खोटा निघाला. या माणसाच्या तोंडी ‘काहीच सत्य नाही, सगळं माफ आहे’ हे वाक्य आजकाल सर्रास घातलं जातं. जुन्या फारसी साधनांत ते कुठेही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन तत्त्वज्ञाने ते या पंथाच्या नावावर मांडलं आणि पुढे कादंबऱ्यांनी, खेळांनी उचललं. तुमच्या म्होरक्याला ते देऊ नका. स्वतःच्या मुलाला सूट न देणारा माणूस त्याहून कितीतरी भयंकर आहे, आणि कितीतरी खरा.

खय्यामच्या मैत्रीचं सांगतो. सलजूकांचा वजीर निजाम-उल-मुल्क, खय्याम आणि हसन हे तिघे एकाच शाळेतले, जो वर चढेल त्याने बाकीच्यांना हात द्यायचा अशी शपथ, ही गोष्ट फार गोड आहे. निजाम जन्मला १०१८ मध्ये, खय्याम १०४८ मध्ये, हसन त्याच्याही नंतर. तीस वर्षांनी मोठा माणूस वर्गमित्र कसा होईल? पण एक फट आहे. सलजूक सुलतान मलिकशाहच्या वेधशाळेसाठी खय्याम १०७४ पासून इस्फहानमध्ये होता, जलाली कालगणना १०७९ मध्ये सुरू झाली, आणि हसन १०८१ मध्ये त्याच शहरात आला. दोघे भेटल्याची नोंद नाही. कादंबरीकाराला नोंद लागत नाही, शक्यता लागते. एका संध्याकाळची ओझरती भेट लिहा. बालमैत्रीपेक्षा ती जास्त टिकेल.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा: माणूस मरायला का तयार होतो? नशा हे उत्तर दिलं की प्रश्नच मरतो, कारण मग पात्राला मन उरत नाही. निजारींच्या बाबतीत उत्तर शोधायला खूप जागा आहे. सलजूक राज्यकर्ते तुर्क, बाहेरून आलेले, सुन्नी. जमिनीचा महसूल लष्करी सरदारांना तोडून दिलेला. अलमूतच्या आसपासच्या रूदबार आणि दैलम भागांतले डोंगरी लोक पिढ्यान् पिढ्या बगदादच्या सत्तेला न जुमानणारे. शहरांत कारागीर, छोटे व्यापारी. अशा माणसांना हसन सांगत होता की माणसाची बुद्धी सत्यापर्यंत एकटी पोचत नाही, त्यासाठी खरा शिक्षक लागतो, आणि तो आपल्याकडे आहे. हे तो अरबीत नाही, फारसीत सांगत आणि लिहीत होता. धर्माची चर्चा आपल्या भाषेत ऐकायला मिळालेला रय्यचा एखादा सुतार काय अनुभवत असेल, ते लिहा.

आणि घर लिहा. सीरियातली एक नोंद आहे, हलबच्या एका इतिहासकाराची. ११२६ मध्ये मोसुलचा अमीर बुरसुकी मशिदीत मारला गेला. हल्लेखोरांपैकी बहुतेक तिथेच ठार झाले. त्यांच्यातल्या एकाच्या म्हाताऱ्या आईने बातमी ऐकली आणि आनंदाने डोळ्यांत सुरमा घातला. काही दिवसांनी मुलगा जिवंत परत आला. तिने केस कापले, तोंडाला काळं फासलं. मी ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. नोंद शत्रूपक्षाची आहे, तिच्यात अतिशयोक्ती असू शकेल. तरी ज्या कादंबरीत ही आई असेल, तिला हशीश लागणार नाही.

खुनाच्या पद्धतीबद्दल काटेकोर राहा, कारण तिथे लेखक सिनेमाकडे झुकतात. हत्यार खंजीर. विष नाही, बाण नाही, अंधारातला फास नाही. जागा बहुतेक वेळा उघडी: दरबार, रस्ता, शुक्रवारची मशीद. मारणाऱ्याने निसटण्याची सोय केलेली नसते. काही जण महिनोन् महिने वेष बदलून सावजाच्या जवळ राहत, कुणी मोतद्दार म्हणून, कुणी फकीर म्हणून. छपरांवरून उड्या मारत पळणारा मारेकरी या जगात नाही. १४ ऑक्टोबर १०९२ रोजी, रमजानच्या दिवसांत, नहावंदजवळच्या तळावर निजाम-उल-मुल्क दरबार आटोपून पालखीतून जनान्याच्या तंबूकडे निघाला होता. सूफीच्या वेषातला एक तरुण अर्ज द्यायला पुढे आला आणि त्याने खंजीर खुपसला. नाव बू ताहिर अर्रानी. तोही तिथेच मारला गेला. सुमारे पाच आठवड्यांत सुलतान मलिकशाहही वारला आणि सलजूक साम्राज्य वारसांच्या भांडणात सापडलं. पण वजीराचा काटा दरबारातल्या लोकांनाही काढायचा होता. प्रतिस्पर्धी ताजुल-मुल्क आणि बेगम तरकान खातून यांच्यावर तेव्हाच्या लोकांनीही बोट ठेवलं. खंजीर कुणाचा हे ठाऊक आहे, हात कुणाकुणाचे होते ते नाही. तुमच्या कथानकात हा संशय जपा.

अलमूतमध्ये मारलेल्यांची आणि मारणाऱ्यांची यादी ठेवली जात असे, तिचा काही भाग नंतरच्या इतिहासकारांनी उतरवून घेतला. हसनच्या चौतीस वर्षांत तिच्यात सुमारे पन्नास हत्या आहेत. तेवढ्याने सगळा मुलूख धास्तावला, सरदार कपड्यांखाली चिलखत घालून हिंडू लागले. मोठी फौज नसलेल्यांनी मोठ्या फौजेला दिलेलं हे उत्तर होतं: हजार सैनिकांशी लढण्यापेक्षा त्यांच्या सेनापतीला गाठायचं. पण याची किंमत कोण मोजत होतं तेही दाखवा. एका सरदाराच्या खुनानंतर शहरात इस्माइली असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसं पकडली, मारली, जाळली गेली. इस्फहानजवळचा शाहदिझ किल्ला ११०७ मध्ये पडला तेव्हा तिथल्या अहमद इब्न अत्ताशला शहरातून फिरवून जिवंत सोललं. त्याच्या बायकोने दागिने अंगावर चढवून तटावरून उडी घेतली. फिदाई, म्हणजे जीव द्यायला निघालेला मारेकरी, खंजीर चालवून मरून जायचा. मागे राहिलेल्यांचं मरण लांब होतं.

सलजूक सुलतान संजरच्या उशाशी एका सकाळी जमिनीत रोवलेला खंजीर सापडला आणि मागोमाग निरोप आला की सुलतानाचं वाईट चिंतलं असतं तर हा कठीण जमिनीत नाही, मऊ छातीत रोवला असता. जुवैनीची ही गोष्ट सगळ्यांना आवडते, तुम्हीही वापराल. वापरा, पण तिच्या शेजारी जुवैनीनेच सांगितलेली दुसरी ठेवा. सुलतान मुहम्मद तापरच्या फौजा सलग आठ वर्षं रूदबारमध्ये येऊन उभी पिकं जाळत होत्या. किल्ल्यातले लोक गवत खाऊन जगत होते. तेव्हा हसनने बायको आणि दोन मुली गिर्दकूह किल्ल्यावर पाठवल्या, आणि तिथल्या रईस मुजफ्फरला, त्या जुन्या हुंडीवाल्यालाच, लिहिलं की या बायका आपल्या कार्यासाठी सूत कातत आहेत, त्याची मजुरी म्हणून त्यांना गरजेपुरतं द्या. त्याने त्यांना परत बोलावलं नाही. तेव्हापासून किल्ल्यांवरचे प्रमुख कामावर असताना बायकांना जवळ ठेवत नसत.

मला विचाराल तर तुमच्या कादंबरीचा मधला खांब हा असायला हवा. अलमूतच्या धन्याची मुलगी दूरच्या किल्ल्यावर चरख्याशी बसली आहे, तिला माहीत आहे की आपल्या भावाला बापाने मारवलं, आणि तिचं सूत मोजून तिला धान्य मिळतं. ११०९ ते १११८ हा काळ घ्या. शेवटी अलमूत आज पडतो की उद्या अशी वेळ आलेली असताना, एप्रिल १११८ मध्ये सुलतान वारल्याची बातमी येते आणि वेढा घालणारी फौज सामान टाकून निघून जाते. शेवट इतिहासाने तयार ठेवला आहे.

पुढचा काळ घ्यायचा असेल तर त्याची तऱ्हा अगदी वेगळी. ८ ऑगस्ट ११६४ ला, ऐन रमजानात, अलमूतच्या मैदानात चार कोपऱ्यांना पांढरं, तांबडं, पिवळं आणि हिरवं निशाण लावून अलमूतचा तेव्हाचा धनी, दुसरा हसन, याने कयामत आल्याचं जाहीर केलं आणि भर दुपारी रोजा सोडून मेजवानी दिली. दीड वर्षात त्याच्याच मेहुण्याने त्याला लमसर किल्ल्यात भोसकलं. त्याचा नातू जलालुद्दीन सुन्नी शरीयतीकडे वळला आणि कझवीनच्या उलेमांना बोलावून आपल्या ग्रंथालयातली पुस्तकं त्यांच्यासमोर जाळू दिली. नासिरुद्दीन तूसीसारखा गणिती इथल्याच आश्रयाला अनेक वर्षं राहिला आणि त्याने इथे ग्रंथ लिहिले. मारेकऱ्यांच्या अड्ड्यावर खगोलशास्त्राची यंत्रं का असावीत, हा प्रश्न तुमच्या वाचकाला पडू द्या.

ती यंत्रं आपल्याला ठाऊक आहेत ती जुवैनीमुळे. १२५६ मध्ये मंगोल सेनानी हुलागूपुढे अलमूतचा शेवटचा इमाम रुक्नुद्दीन खुर्शाह मैमूनदिझ किल्ल्यावरून खाली उतरला, अलमूतही रिकामा झाला. जुवैनी हुलागूच्या सोबत होता. परवानगी घेऊन तो ग्रंथालयात गेला, कुराणाच्या प्रती आणि यंत्रं बाजूला काढली, हसनचं चरित्र पाहून त्यातून उतारे घेतले आणि बाकीचं पेटवलं. हसनच्या घरातलं जे आपण आज सांगतो, ते बरंचसं पुस्तकं जाळणाऱ्याच्या हातून आलेलं आहे. म्हणून निवेदक निवडताना नीट विचार करा. गिर्दकूह त्यानंतरही १२७० पर्यंत झुंजला.

एक गोष्ट मी प्रत्येक मराठी लेखकाला आवर्जून सांगतो. हे लोक संपलेले नाहीत, ते आपले शेजारी आहेत. १०९४ मध्ये कैरोचा खलिफा मुस्तनसिर वारला आणि निजार व मुस्तअली या त्याच्या मुलांवरून इस्माइली दुभंगले. हसनने निजारची बाजू घेतली. त्या फुटीच्या दोन्ही फांद्या आज मुंबईत नांदतात: आगाखानी खोजे निजारच्या बाजूचे, बोहरा मुस्तअलीच्या. पहिले आगाखान इराणमधून निघून १८४० च्या दशकात मुंबईला आले. इमाम म्हणून त्यांचा खोजांवरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात लढवला गेला, न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी १८६६ मध्ये तो मान्य केला आणि निकालात अलमूतचा इतिहासही आला. माझगावच्या हसनाबादमध्ये आगाखानांची कबर आहे. निजारींचे स्वतःचे, घराघरांत जपलेले ग्रंथ मिळवून शत्रूंच्या कथा तपासण्याचं मोठं कामही मुंबईतच झालं. रशियन अभ्यासक व्लादिमीर इवानोव इथे राहिले आणि १९४६ मध्ये इस्माइली सोसायटी इथेच उभी राहिली. तुमची कादंबरी त्या घरांतही वाचली जाईल. तुमचा पंथ काल्पनिक असेल तर तो पूर्ण काल्पनिक ठेवा, त्यावर ‘इस्माइली’ ही पाटी लावू नका. आणि पाटी लावायचीच असेल तर मग माणसं त्यांची त्यांना ओळखू येतील अशी लिहा.

नावांचं विचारलंत. ‘काळी सावली’, ‘मृत्यूचे दूत’ असलं काही नको. गुप्त माणसं स्वतःला भीतीदायक नावं देत नाहीत. निजारी एकमेकांना ‘रफीक’ म्हणत, सोबती. जीव ओवाळून टाकणारा तो ‘फिदाई’. आपण एखाद्यावर फिदा होतो, तो शब्द याच धातूतला, त्यामुळे मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागणार नाही. प्रचारकाला ‘दाई’ म्हणत. हा शब्द मात्र मराठीत जपून वापरा, वाचकाच्या डोळ्यांसमोर सुईण येईल. किल्ल्याच्या नावाची फोड ‘अलुह आमूख्त’, गरुडाने शिकवलेलं, अशी करत. जुन्या पद्धतीने ‘अलुह अमूत’ असं लिहिलेल्या किल्ल्याच्या नावातल्या अक्षरांच्या अबजद किमती, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेले अंक, मिळवल्या, एक, तीस, पाच, एक, चाळीस, सहा आणि चारशे, की येतात ४८३, आणि हसनने किल्ला घेतला ते हिजरी वर्ष ४८३. जुवैनीनेही हे टिपून ठेवलं आहे. तुमच्या पंथातला एखादा पोरगेला रफीक पहिल्या रात्री टाक्याच्या काठावर बसून ही बेरीज बोटांवर करील.

आणि साऱ्या चळवळीला त्यांचा शब्द होता ‘दावत’. म्हणजे बोलावणं.